फेरातली रिकामी जागा

ता. किनवट, जि. नांदेड
५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, पण आज हात उठत नाही. मी रागात आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी आवाज चढवला की मामी घाबरतात, म्हणून हे पत्र.

काल लातूरला असणाऱ्या माझ्या मित्राने, आलोकने, तुमच्या प्रदर्शनाचे फोटो पाठवले. तिसऱ्या फोटोत साखराबाईंचं चित्र होतं. काचेत, चौकटीत, खाली तुमच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'आदिम प्रेरणा. साखराबाई, स्वयंपाकीण, किनवट.' आधी मला आनंदच झाला. मग फोटो मोठा करून बघितला आणि अंगाचा तिळपापड झाला.

मामा, त्या फेरात ती बाई कुठून आली?

मी पाठवलेल्या चित्रात दहा माणसं होती. पाच इकडे, पाच तिकडे, हातात हात घेतलेली. मधे एका माणसाची जागा मोकळी होती आणि दोन्हीकडून एकेक हात त्या जागेकडे पुढे आलेला. आता तिथे एक बाई उभी आहे. कमरेवर घागर, वाऱ्यावर पदर, नाकात नथ. खालच्या बैलाला दोनच पाय होते, त्याचे चार झालेत. बैलापुढे गवतसुद्धा उगवलंय. काळ्या शाईचं ते गवत मी लहानपणापासून ओळखते. ते तुमचंच आहे.

पुन्हा एकदा सांगते, कारण पहिल्या वेळी तुम्ही वाचलं नसावं. साखराबाई आमच्या निवासी शाळेत स्वयंपाक करतात. बिलोलीकडच्या शेतकरी घरातल्या आहेत, पन्नाशीच्या. डिसेंबरमध्ये आम्ही मुलींची सहल भीमबेटक्याला नेली, खडकांवरची प्राचीन चित्रं बघायला. बाहेरचं खाणं परवडत नाही आणि मुलींना बाधतं, म्हणून आम्ही नेहमी पातेली, शेगडी आणि स्वयंपाकीणबाई बरोबर नेतो. साखराबाईंनी ती चित्रं दहाच मिनिटं बघितली. परत आल्यावर पंधरा दिवसांनी, वह्यांना घालायच्या खाकी कागदावर, गेरू आणि चुना घेऊन बोटाने हे चित्र काढलं. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. ते त्यांनी विश्वासाने माझ्या हातात दिलं आणि मी तुमच्याकडे पाठवलं. सोबत लिहिलं होतं, 'बघा आणि काय वाटतं ते कळवा.' प्रदर्शनात लावा असं लिहिलं नव्हतं. त्यावर हात फिरवा असं तर नव्हतंच नव्हतं.

ते चित्र उतरवा. हे पत्र मिळेल त्या दिवशी उतरवा.

राजश्री


लातूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्री हिस आशीर्वाद.

तू नमस्कार केला नाहीस तरी मी आशीर्वाद देतो. एकाहत्तर वर्षांचा असण्याचा एवढा एक फायदा उरला आहे, तो सोडत नाही.

तुझं पत्र तुझ्या मामीने वाचलं आणि विचारलं, 'हे आपल्याच राजीचं का?' मी म्हटलं, आपल्याच राजीचं. मुलखाची रागीट. लहानपणी खोडरबर हरवला तरी घर डोक्यावर घ्यायची.

आता माझं ऐक. अडतीस वर्षं मी ड्रॉइंग मास्तर होतो. मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची, दोन रेघा मारायच्या, पेन्सिल परत द्यायची. आमच्या वेळी ह्याला शिकवणं म्हणत. साखराबाईंचं चित्र पाहून मी थक्क झालो हे आधी लिहितो. रेषेत जोर आहे, बोटांत ताल आहे. पण चित्र अपुरं होतं. फेर मधेच तुटलेला, बैल दोन पायांवर. एवढी गुणी बाई आणि लोकांनी तिला हसावं, हे मला बघवलं नसतं. म्हणून हात फिरवला. प्रेमापोटी फिरवला.

आणि लोक काय म्हणतात तेही ऐक. रोज त्या चित्रापुढे गर्दी असते. डॉक्टर येतात, वकील येतात, कॉलेजची पोरं फोटो काढतात. बहुतेक जण त्या घागरवाल्या बाईपाशीच थांबतात. तूच मागे सांगितलं होतंस की भीमबेटक्याला एकाच खडकावर आधीच्या लोकांच्या चित्रांवर नंतरच्यांनी चित्रं काढली आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या भाचीने असं पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक लिहितो. राग येईल, पण तो आलेलाच आहे. आठवीत तुला बैलगाडीच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. त्या गाडीची चाकं कुणी काढली होती? तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटलेस. माझा हात तेव्हा चालला, आता चालत नाही, हे काय?

चित्र उतरवणार नाही. अठ्ठावीस तारखेला समारोप आहे. त्या दिवशी साखराबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही हेच चित्र छापतो आहोत. त्यांना निमंत्रणाचं वेगळं पत्र लिहीत आहे. तू त्यांना घेऊन ये आणि येताना राग घरी ठेवून ये.

मामी विचारते, पापड संपले का?

तुझा मामा,
रेणुकादास


ता. किनवट
१३ फेब्रुवारी २०२५

मामा,

पापड संपले नाहीत. रागही संपलेला नाही.

हो, चाकं तुमची होती. बैलांची शिंगंही तुमची आणि मागचा डोंगरही तुमचाच. माझं काय होतं ते सांगू? गाडीतली म्हातारी माझी होती. परीक्षकांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही. 'चाकांचा अभ्यास उत्तम' एवढंच म्हणाले. पेढे वाटले ते आईने सांगितलं म्हणून वाटले. त्या दिवसानंतर मी एकही चित्र निर्धास्तपणे काढलेलं नाही. दर रेघेला वाटतं, मागून कुणीतरी हात पुढे करून पेन्सिल काढून घेईल. मी चित्रकलेची शिक्षिका झाले, मामा. चित्रकार झाले नाही. हे तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तुम्ही माझ्यावर माया केलीत. पण आज सांगते, कारण तीच माया तुम्ही आता दुसऱ्या बाईवर करताय.

तुम्ही ते चित्र बघितलंच नाहीत. तपासलंत. उत्तरपत्रिका तपासतात तसं.

मी काय बघितलं ते लिहिते. एकेक माणूस एका दमात काढलेला आहे. खांद्याशी गेरू दाट आहे आणि पायाकडे जाता जाता बोटावरचा रंग संपत आलाय. तरी बोट उचललेलं नाही. टाचा जमिनीवर टेकत नाहीत, म्हणून माणसं नाचताना दिसतात. कुणालाही डोळे नाहीत, नाक नाही, पण कोण दमलंय आणि कोण हसतंय ते मानेवरून कळतं. सगळी माणसं उजवीकडे झुकलेली आहेत आणि फक्त मोकळ्या जागेच्या दोन्हीकडची दोघं आतल्या बाजूला. त्यातल्या एकीच्या पाठीवर वेणीची एक रेघ आहे, तीसुद्धा आत वळलेली. सगळ्या चित्राचा ताण त्या कोऱ्या खाकी कागदात येऊन थांबतो. तिथे काहीच काढायचं नाही, हे बाईला कुणी सांगितलं? मला कोरी जागा सोडायची छाती आजवर झाली नाही. ज्या बाईने जन्मात चित्रकलेची वही पाहिली नाही, तिला मोकळ्या जागेचं मोल कळलं. आणि तुम्ही तिथे घागर नेऊन ठेवलीत!

खडकावर नंतरच्यांनी चित्रं काढली म्हणता. त्या माणसांनी आधीच्यांच्या चुका सुधारल्या नाहीत. आपला बैल काढला आणि निघून गेले. खाली आधीच्याचं नाव लिहून लोकांकडून वाहवा घेतली नाही.

सत्कार करू नका. मुखपृष्ठ छापू नका. आणि कृपा करून साखराबाईंना पत्र लिहू नका. मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. मला आधी चित्र परत आणू दे, त्यातून काय वाचवता येतं ते बघू दे, मग मी सांगेन.

राजश्री


लातूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्री,

सोमवारी हॉल बंद असतो. किल्ली माझ्याकडेच असते. काल दुपारी तुझं पत्र खिशात घालून एकटाच गेलो, खुर्ची चित्रासमोर टाकली आणि बसलो. खरं सांगतो, तुझ्या चुका काढायलाच गेलो होतो. एकेक मुद्दा घ्यायचा आणि पोरीला कसं कळत नाही ते लिहायचं, असा बेत होता.

टाचा बघितल्या. माना बघितल्या. बोटावरचा रंग कुठे संपतो तेही बघितलं. मग त्या बाईकडे आलो.

ती बाई मी चाळीस वर्षं काढतो आहे. गणपतीच्या पडद्यावर तीच, लोकांच्या लग्नपत्रिकांवर तीच, शाळेच्या भिंतीवर 'पाणी वाचवा'च्या शेजारी तीच. तिचं नाक, तिची घागर, तिचा पदर, सगळं हाताला पाठ आहे. झोपेतसुद्धा काढीन. आणि काल प्रथमच लक्षात आलं की मी तिचा एक हात घागरीला लावला आहे आणि दुसरा पदराला. म्हणजे तिने कुणाचाच हात धरलेला नाही. दोन्हीकडचे ते दोन हात अजून तसेच पुढे आहेत. अडतीस वर्षांचा मास्तर, फेर पूर्ण करायला निघाला आणि एवढं दिसलं नाही.

मला संताप आला. तुझा आला, कारण तू खरं बोललीस. माझा आला तो लिहून दाखवण्यासारखा नाही. काच काढली, ओला कापूस घेतला आणि पदराच्या टोकाला लावून पाहिला. शाई हलली नाही. तिच्या शेजारचा गेरू मात्र कापसाला लागायला लागला, तेव्हा थांबलो. चित्र उतरवून घरी आणलं आहे. भिंतीवर आता खिळा आहे आणि लोक विचारतात. मुखपृष्ठाचंही थांबवलं. समितीतल्या शेषेरावांशी त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. ते बोलत नाहीत.

पण आता मला तुला एक विचारायचं आहे. 'साखराबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही' म्हणजे काय? चित्र माझ्याकडे आहे हे तरी त्यांना माहीत आहे ना? पहिल्या पत्रात तू लिहितेस की त्यांनी विश्वासाने तुझ्या हातात दिलं. मग लपवायचं कशाला? मी न विचारता हात फिरवला. तू विचारून आणलं होतंस का?

माझं निमंत्रणाचं पत्र तुझं येण्याआधीच गेलं आहे. मिळालं असेल त्यांना.

रेणुकादास


ता. किनवट
२२ फेब्रुवारी २०२५

रेणुकादास गुरुजी यांना साखराबाईचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली हाय. अक्षर वाकडं हाय, पर वाचता येतंय. हे पत्र टपालात टाकायच्या आधी राजश्री मॅडमला वाचून दाखवणार हाय, म्हणून त्यांच्यासाठीचं बी ह्यातच लिवते. दोन दोन कागद कशाला खराब करू.

तुमचं पत्र आलं. सत्कार हाय म्हणून, शाल हाय म्हणून. मला काय कळंना. कोणतं चित्र, म्हणून मॅडमला इच्यारलं तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी मोबाइल काढला, फोटो दाखवला आन् रडाया लागल्या. म्हणल्या, साखराबाई, माफ करा. गुरुजी, तुमची पत्रं बी वाचून दाखवली. आन् त्यांनी सोता तुमाला काय लिवलं ते तोंडानं सांगितलं.

ते चित्र मी कुणाला दिलं नव्हतं. कोठीत तांदळाच्या पोत्यामागं ठिवलं व्हतं, माझं मला बघायला. मॅडम तांदूळ मोजायला आल्या तवा त्यांना दिसलं. लई चांगलं हाय म्हणल्या, दोन दिवसांत आणून देते म्हणल्या, आन् मी हाव म्हणायच्या आधी गुंडाळून बी नेलं. मला वाटलं त्यांच्या खोलीत हाय. ते लातूरला जाऊन काचेत बसलं आन् तिथं त्याच्यात एक बाई बी शिरली.

गुरुजी, ती बाई कोण हाय? आमच्या सहलीला तशी कोणी नव्हती. नथ घालून आन् घागर घेऊन कोण फेर धरतंय? बैलाचं सांगते. तो आमच्या वावरातला हाय, मागचे पाय चिखलात रुतलेले हायत म्हणून दिसत न्हाईत. तुमी काढून दिले. बैलाला चिखलातून भायेर काढलं, तेवढं एक बरं केलं.

मॅडम म्हणतात, साखराबाई, तुमच्या मोकळ्या जागेत लई अर्थ हाय. हाव, हाय. आता दोघं बी ऐका.

बेचाळीस पोरी, सात मास्तर-मास्तरणी, शिपाईमामा, डायव्हर आन् क्लीनर. एवढ्यांचं मी रांधत व्हते. मॅडम, तुमी समदे वर चित्रं बघायला गेले तवा मी खाली झाडाखाली कांदे चिरत व्हते. साखराबाई, चला, असं कोणी म्हणलं न्हाई. तुमी खाली आले. दगडावरची माणसं हात धरून नाचून राहिली व्हती म्हणले, आन् तसाच फेर धरायला लागले. पोरींचा येगळा, मोठ्यांचा येगळा. शिपाईमामा गेला, डायव्हर-क्लीनर बी गेले. मी तुमच्यापासून धा पावलांवर पिठलं हाटत व्हते. मधी एक जागा खाली राहिली. मॅडम, तुमी हात पुढं केला, पलीकडून उज्वला मॅडमनी केला, कोणीतरी यायचं राहिलंय असं. मला वाटलं मलाच. मी पळी ठिवली, पदराला हात पुसले, उठले. तवर तुमी एकमेकीचे हात धरले आन् फेर फिरला. मी परत खाली बसले.

तेवढंच मी काढलं. ती जागा माझी हाय. मी मुद्दाम खाली ठिवली, कारण मी तिथं नव्हते. डाव्या अंगाची ती वेणीवाली तुमी हायत मॅडम. वेणीची रेघ बघितली म्हणता, आन् आपली वळखली न्हाई?

धा मिनिटांत एवढं बघितलं म्हणून माझं कवतिक करून राहिलात. धाच मिनिटं का बघितलं ते इच्यारलं न्हाई. समद्यांचं जेवण झाल्यावर मी पातेली घासली आन् राखणदाराच्या पाया पडून एकटी वर गेले. पहिल्याच खडकापाशी पोचले तवर खालून गाडीचा भोंगा सुरू झाला. तिथली माणसं लई चांगली व्हती. हात कुणाचा बी सुटलेला नव्हता.

गुरुजी, तुमी त्या जागेत दुसरीच बाई उभी केली. मॅडम, तुमी ती जागा बघून वाहवा केली. मला दोघांचा बी राग हाय, आन् मॅडमचा जास्त हाय, कारण तुमी तिथं व्हते. दोन शिकलेली माणसं माझ्या कागदावरून पत्रानं भांडून राहिली आन् मी कोठीत भाकरी थापून राहिले. मला इच्यारायला कोणी आलं न्हाई.

मी सत्काराला येणार न्हाई. शाल नको. पुस्तकावर ते चित्र छापू नका, आन् छापलंच तर त्याच्याखाली माझं नाव घालू नका. माझा कागद मला पाठवून द्या. पुसू नका, धुवू नका, आता त्याला काय बी करू नका. ती बाई राहू द्या, तिचं काय करायचं ते मी बघते.

पुढच्या सहलीला चुलीसाठी दुसरी बाई बघा. मी येणार हाय, माझ्या पैशाची पट्टी भरून. सकाळी पोरींच्या आधी वर जाणार, आन् भोंगा वाजला तरी खाली येणार न्हाई.

आन् मॅडम, एक हाक मारायची व्हती. धा पावलांवर व्हते मी. पिठलं करपलं असतं तर करपलं असतं. खाल्लं असतं समद्यांनी.

साखराबाई